मामा तलावांची आकाशातून मोजणी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यातली शेती आजही बऱ्याच अंशी मामा तलावांच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या भरवशावर आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी यातले कितीतरी तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारीसारखी महसूल पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ (तलावाचा मातीचा बांध) राखण्याची, गाळ काढण्याची गावची घडी विस्कटत गेली. दरवर्षी असे हजारो तलाव पायी फिरून मोजणार कोण? हे काम उपग्रहाच्या आवाक्यातलं आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून साधारण दर पाच दिवसांनी एकाच गावाचं चित्र टिपतात, आणि ही चित्रं फुकट मिळतात. चित्रातला सर्वांत लहान चौकोन जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर!

पाणी ओळखायचं कसं? पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं, पण डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जवळपास सगळा गिळून टाकतं. समजा, एका चौकोनातून हिरवा ६ टक्के आणि अवरक्त २ टक्के परत आला. दोन्हींतल्या फरकाला बेरजेने भागलं की ४ भागिले ८, म्हणजे ०.५. उत्तर शून्याच्या वर असेल, तर तिथे बहुधा पाणी.

आता त्याच पाण्यात बेशरम, म्हणजे तलावात फोफावणारं एक रानटी झुडूप, माजली आहे असं धरू. हिरवं पान अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. हिरवा ८, अवरक्त ४० आला, तर उत्तर उणे ०.६७. खाली पाणी असूनही नकाशावर तिथे जमीन दिसते. हिरवाई मोजणाऱ्या नकाशात तर हाच तलाव उत्तम दिसेल. हिरवा रंग दिसला की सगळं आलबेल, हे समीकरण इथे घातक आहे. उलट रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसांत बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांमध्ये) पाणी साचलेलं असतं, तेव्हा अख्खं शिवारच तलाव वाटू लागतं. पावसाळ्यात ढगही आडवे येतात. त्याच संस्थेच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांच्या आरपार पाहतं, पण भरलेली बांधी आणि बोडी, म्हणजे लहान तळं, यांत त्याचीही गल्लत होते.

म्हणून धान कापून झाल्यावरचं चित्र घ्यावं आणि तिथून पुढे तलाव कोणत्या आठवड्यात कोरडा पडतो ते पाहावं. माझ्या मते ही दुसरी तारीखच जास्त मोलाची. गाळाने भरलेला तलावही पावसाळ्यानंतर काठोकाठ पसरलेला दिसतो. वरून खोली कळत नाही. पण पाऊस सारखाच असताना पूर्वी एप्रिलपर्यंत टिकणारं पाणी फेब्रुवारीतच संपू लागलं, तर गाळाचा संशय घ्यायला हवा. उन्हाळी धान आणि ढिवर या मच्छीमार समाजाची मासेमारी याच दोन महिन्यांवर चालते.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ६.६.१ हा निर्देशांक पाण्याशी जोडलेल्या परिसंस्थांमधला बदल मोजतो. त्यासाठी १९८४पासूनची लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं वापरली जातात. त्यांतला चौकोन ३० मीटरचा, म्हणजे नऊ आरचा. एक हेक्टरची बोडी त्यात जेमतेम अकरा चौकोनांची उरते आणि देशाच्या आकड्यात तिचा मागमूसही राहत नाही. ही नोंद तलावनिहाय ठेवून ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे, कारण सांडवा फुटला, बेशरम वाढली की पाणी कुणी आधीच सोडलं, हे गावातल्याच माणसांना ठाऊक असतं.