स्पॅनिश क्रियापदाचं शेपूट कसं ओळखायचं
(नवीन बॅचच्या पोट्ट्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी)

दर बॅचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाच प्रश्न येते, सर एका क्रियापदाचे सहा-सहा रूपं काऊन पाठ करा लागते, इंग्लिशमध्ये तर आय बाय, यू बाय, दे बाय, सगळं एकसारखंच असते न. म्हणून हे पत्रक छापलं, घरी न्या आणि आरामात वाचा.

आधी एक गोष्ट. तुम्हाला बाजारातून फोन आला, "संत्री घेतोस का?" तर यात "तू" कुठंच नाही, तरी तुम्हाला बरोबर समजते कोणाला विचारून राहिले, कारण "घेतोस" मधला "स"च सांगते. "घेतात" म्हटलं की ते लोक. स्पॅनिश अशीच चालते, माणूस क्रियापदाच्या शेपटीत बसलेला असते, म्हणून तिथं पण "मी", "तू" बरेचदा बोलतच नाहीत. इंग्लिशमधून स्पॅनिश शिकाल तर जड जाईल, मराठीतून शिका.

आता करायचं काय. मूळ क्रियापद तीनच प्रकारचे असतात, आर, एर नाहीतर ईर ने संपणारे. कोम्प्रार म्हणजे विकत घेणे, बेन्देर म्हणजे विकणे, बिबिर म्हणजे राहणे. शेवटचं आर काढून टाका, कोम्प्र उरते, त्याला शेपूट जोडा:

कोम्प्रो (मी घेतो), कोम्प्रास (तू घेतोस), कोम्प्रा (तो किंवा ती घेते), कोम्प्रामोस (आम्ही घेतो), कोम्प्राइस (तुम्ही सगळे घेता), कोम्प्रान (ते घेतात).

बेन्देरचं बेन्दो, बेन्देस, बेन्दे, बेन्देमोस, बेन्देइस, बेन्देन. बिबिरचं बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. नीट पाहा, एर आणि ईर मध्ये फक्त "आम्ही" आणि "तुम्ही सगळे" या दोनच जागी फरक आहे, बाकी चारही सारखे. म्हणजे पाठ करायचं ओझं दिसते तेवढं नाही.

मुलींसाठी तर हे सोपंच आहे, मराठीत मुलगा "घेतो" म्हणते आणि मुलगी "घेते", स्पॅनिशमध्ये दोघंही कोम्प्रोच म्हणतात.

मोठ्या माणसाला मान द्यायचा तर "उस्तेद", पण त्याच्यासंगं क्रियापद "तो" वालं लागते, उस्तेद कोम्प्रा. इथं सगळे चुकतात, आपलं "तुम्ही घेता" डोक्यात असते न. आणि ते कोम्प्राइस, बेन्देइस वालं रूप मुख्यतः स्पेनमध्येच चालते, मेक्सिको, पेरू, कोलंबियाकडे अनेक लोकांना "उस्तेदेस कोम्प्रान" म्हणतात, तर सुरुवातीला ते फक्त ओळखता आलं तरी पुरे.

याच रूपात तीन कामं होतात. बेन्दो नारान्खास म्हणजे मी संत्री विकतो, आणि सध्या विकून राहिलो हे पण त्यातच येते. मान्याना कोम्प्रो म्हणजे उद्या घेतो, अगदी आपल्यासारखंच. (नारान्खा हा शब्द आपल्या नारंगीच्याच घरचा आहे, संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी, असा फिरत फिरत तिकडं गेला, वरुड-काटोलच्या पोरांना हे सांगितलं की शब्द विसरतच नाहीत.)

सगळ्यात जास्त लक्ष जोर कुठं देता त्याच्यावर ठेवा. वर्गात आम्ही बेंचवर हात मारून घेतो, "कोम" वर थाप पडली तर "मी घेतो", आणि थाप शेवटच्या "प्रो" वर पडली तर "त्यानं घेतलं", सरळ भूतकाळ झाला. लिहिताना त्या दुसऱ्या ओ च्या डोक्यावर तिरकी रेघ येते. एका थापेनं माणूसही बदलते आणि काळही, म्हणून मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा.

रोज संध्याकाळी घरच्या कामातलं एक क्रियापद घ्या. कोर्तार म्हणजे कापणे, लाबार म्हणजे धुणे, बेबेर म्हणजे पिणे, आब्रिर म्हणजे उघडणे, हे सगळे नियमात चालतात. आईनं मराठीत म्हणायचं "आम्ही पितो", पोरानं म्हणायचं "बेबेमोस". आईबाबांना स्पॅनिश यायची गरज नाही, हे पत्रक हातात ठेवा आणि शेपूट जुळते का तेवढं पाहा. चुकलेले रूपं वहीत लिहून सोमवारी आणा, तिथूनच तास सुरू करू.