प्रोग्रामिंग शिकण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका

विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

जून महिना लागला की दुकानात एक प्रश्न रोज येतो. "मुलाला कोडिंग शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर टाकून द्याल आणि किती घ्याल?" संगणक विकणं, दुरुस्त करणं आणि शाळांच्या लॅब सांभाळणं हा आमचा धंदा आहे. काउंटरवर गर्दीत या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून देत आहोत. शाळेपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत प्रोग्रामिंग शिकायला जे लागतं, ते जवळपास सगळं कायदेशीरपणे, एक पैसाही न देता मिळतं. आम्ही पैसे घेतलेच तर ते मशीन दुरुस्त करण्याचे घेतो, सॉफ्टवेअरचे नाही.

क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून चोरून वापरायचं सॉफ्टवेअर आम्ही कुणालाही टाकून देत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या लॅबमध्ये कुणीतरी पेन ड्राइव्हवरून असंच एक क्रॅक चढवलं. सगळ्या मशीनवरचे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, आत मुलांच्या प्रकल्पांच्या फाइली. प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर आली होती. दोन रात्री जागून आम्ही बऱ्याच फाइली परत मिळवल्या, काही गेल्या त्या गेल्याच. दुःख याचं की जे फुकटात आणि सन्मानाने मिळत होतं, त्याच्यासाठी हे झालं.

मोफत वेगळं, मुक्त वेगळं

हा फरक शिक्षकांनी तरी समजून घ्यावा. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत, पण अटी मालकाच्या. मुक्त म्हणजे ते वापरायची, त्याची रचना पाहायची, त्यात बदल करायची आणि दुसऱ्याला द्यायची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. १९८३ साली अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तो याच विचारातून. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, प्रोग्राम लिहायचा थॉनी हा एडिटर, लिहिलेला सी प्रोग्राम संगणकाला चालवता येईल असा करून देणारा जीसीसी हा कंपायलर, ही सगळी मुक्त साधनं आहेत. लॅबमध्ये तीस मशीन असोत की तीनशे, सगळ्यांवर टाका, मुलांना पेन ड्राइव्हवर घरी द्या, कुणाला विचारायला नको.

लहान मुलांसाठी

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना स्क्रॅच द्या. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये ते तयार झालं आणि २००७ साली सर्वांसाठी खुलं झालं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरचं मांजर चालवायचं, टाइप करायची कटकट नाही. ते ब्राउझरमध्ये चालतं, आणि संगणकावर एकदा टाकून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. त्याहून लहान मुलांसाठी टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर आहे, पण आमचं प्रामाणिक मत विचाराल तर त्या वयात पडद्याची घाई नको.

पायथन: सुरुवात इथून करा

सातवी-आठवीच्या पुढे, आणि ज्यांना काहीच येत नाही अशा मोठ्यांसाठीही, आम्ही पायथन सुचवतो. गिडो व्हान रॉसम यांनी ते १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. आज शाळेच्या वर्गापासून मोठ्या प्रयोगशाळांपर्यंत ते वापरलं जातं.

पायथन डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीच्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावर क्लिक करू नका. विंडोजवर पूर्वीपासून चालत आलेल्या इन्स्टॉलरने टाकताना पहिल्याच खिडकीत खाली एक छोटी चौकट असते, पायथनला 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधते त्या जागांच्या यादीत घालायची. तिच्यावर खूण करायला निम्मे लोक विसरतात. मग कमांड खिडकीत पायथन असं टाइप केलं की प्रोग्राम सुरू न होता मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं, आणि मूल म्हणतं, "पायथन बिघडलंय." बिघडलेलं काही नसतं. इन्स्टॉलर पुन्हा चालवा, 'मॉडिफाय' निवडा, पुढच्या खिडकीत पायथनला 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'मध्ये घालायची खूण करा, काम झालं.

ही भानगडच नको असेल तर थॉनी घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी बनवलेला हा एडिटर आहे आणि पायथन त्याच्या पोटातच येतं. आम्हाला तो आवडतो त्याचं खास कारण आहे. प्रोग्राम एकेक पाऊल चालवता येतो आणि कुठल्या चलात (व्हेरिएबलमध्ये) या क्षणी काय साठलंय ते बाजूला दिसत राहतं. फळ्यावर तासभर समजावूनही जे डोक्यात शिरत नाही, ते थॉनीत दोन मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

पायथनमध्ये 'टर्टल' नावाचं कासव आहे. त्याला शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंशांत वळ असं चारदा सांगितलं की चौरस तयार. दुकानात एकदा सातवीतली एक मुलगी षटकोन काढत होती. भूमितीत षटकोनाचा कोन १२० अंशांचा शिकलेली, म्हणून तिने कासवाला १२० अंशांत वळवलं, आणि पडद्यावर आला त्रिकोण! ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग वहीत रेघ पुढे वाढवून पाहिली आणि म्हणाली, "कासव बाहेरच्या कोनाने वळतंय." १२० चे ६० केले, षटकोन उमटला. गणिताच्या सरांनी आणि मॅडमनी हा एक तास जरूर घेऊन पाहावा.

आणखी एक गंमत मराठी मुलांसाठी. पायथनला देवनागरी नीट कळते, चलांना 'नाव' आणि 'वय' अशी नावंही देता येतात. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा. मुलं म्हणतील तीन, संगणक म्हणेल पाच. काना आणि दुसरी वेलांटी तो वेगळी मोजतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या यादीत त्यांना स्वतःचे क्रमांक आहेत. अक्षर म्हणजे काय, यावर मराठीच्या आणि संगणकाच्या शिक्षकांनी मिळून एक छान तास घ्यावा असा हा विषय आहे.

सी शिकताय? मग टर्बो सोडा

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी हे जरा कळकळीने लिहितो. कित्येक ठिकाणी अजून टर्बो सी वापरलं जातं. ती निळी खिडकी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, डॉसच्या काळातली आहे. सी++ या भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ मध्ये, म्हणजे टर्बो त्याच्याही आधीचं. त्यामुळे वर्गात चाललेला प्रोग्राम घरी नव्या कंपायलरवर चालत नाही आणि मूल स्वतःलाच दोष देतं.

आठचं क्रमगुणित, म्हणजे एक ते आठ या संख्यांचा गुणाकार, काढून बघा. खरं उत्तर ४०३२०. टर्बोमध्ये साधा पूर्णांक घेऊन काढलंत तर उत्तर येतं उणे २५२१६. टर्बोचा पूर्णांक दोन बाइटचा, त्यात ३२७६७ च्या पुढे जागाच नाही, म्हणून आकडा उलटून उणे बाजूला जातो. आजच्या जीसीसीमध्ये पूर्णांक चार बाइटचा असतो. तिथे बारापर्यंत सगळं बरोबर येतं आणि तेराला पुन्हा जागा अपुरी पडून उत्तर चुकतं, फक्त या वेळी ते उणे येत नाही. पायथनमध्ये तेराचं ६,२२,७०,२०,८०० हे उत्तर बरोबर येतं, कारण तिथे संख्या हवी तेवढी वाढू शकते. हा प्रयोग तिन्हीकडे एकेकदा केला तर मेमरीचा धडा पाठ करावा लागत नाही.

घरी कोडब्लॉक्स हा सी लिहायचा-चालवायचा मोफत प्रोग्राम टाका. विंडोजसाठी त्याचे दोन प्रकार मिळतात, त्यातला कंपायलरसकट असलेला घ्या. नुसता घेतला तर प्रोग्राम लिहिता येईल, पण चालणार नाही. लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) जीसीसी आणि जीनी हा हलका एडिटर पुरतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडही मोफत आहे आणि उत्तम आहे, पण त्यात सी साठी कंपायलर वेगळा जोडावा लागतो. पहिल्या सहामाहीत ती डोकेदुखी घेऊ नका.

बारावीला माहिती तंत्रज्ञान घेतलेल्यांना एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टसाठी साधा एडिटर आणि ब्राउझर एवढंच लागतं. पीएचपीसाठी एक्झॅम्प टाका. त्यात सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतात.

शिकायचं कुठून?

मराठीतून शिकायचं असेल तर सगळ्यात आधी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. केंद्र सरकारच्या निधीतून हे काम उभं राहिलं आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ असतात. पडदा इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठी. सी, सी++, पायथन, लिनक्स, लिबरऑफिस असे अनेक विषय आहेत, आणि बोललेलं सगळं लेखी स्वरूपातही मिळतं. पाठ उतरवून ठेवले की इंटरनेट लागत नाही. ज्या गावात रेंज येते-जाते तिथे याचं मोल आम्हाला माहीत आहे.

हे पाठ सिनेमासारखे बघून उपयोग नाही. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर एडिटर ठेवा. एक वाक्य ऐका, थांबवा, तेच स्वतः टाइप करा. पाठ त्याच पद्धतीसाठी बनवलेले आहेत.

इंग्रजी जमत असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या ठिकाणी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनचा अभ्यासक्रम आहे. सावकाश आणि स्वच्छ शिकवतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रम स्क्रॅचपासून सुरू होऊन सी आणि पायथनपर्यंत नेतो, पण तो दमछाक करणारा आहे हे आधीच सांगतो. वेबसाठी फ्रीकोडकॅम्प चांगलं आहे.

कॉलेजचं ओळखपत्र असेल तर

गिटहब या प्रोग्राम साठवायच्या-वाटायच्या संकेतस्थळाचा विद्यार्थ्यांसाठीचा संच वय तेरा पूर्ण झालेल्यांना, शिकत असल्याचा पुरावा दाखवून मिळतो. जेटब्रेन्स या कंपनीची प्रोग्रामिंगची एरवी पैसे पडणारी साधनं विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना वर्षभरासाठी मोफत मिळतात आणि दरवर्षी नूतनीकरण करता येतं. पण ती शिकण्या-शिकवण्यापुरतीच आहेत, त्यावर धंद्याचं काम करायची परवानगी नाही. ही मोफत आहेत, मुक्त नाहीत, एवढं लक्षात ठेवा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरा, नाहीतर अर्ज परत येतो.

जुना संगणक टाकून देऊ नका

विंडोज ७ वर पायथनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, आणि थॉनीची त्या विंडोजसाठीची वेगळी प्रत मिळते. पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आणि विंडोज १० चाही नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. मशीनमध्ये चार जीबी रॅम असेल तर आमचा सल्ला: लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. पायथन त्यात आधीपासूनच असतं. हार्ड डिस्क जुनी असेल तर तेवढी एसएसडी बदला. ती आम्ही विकतो, म्हणून सांगताना संकोच वाटतो, पण दहा वर्षांचं मशीन त्याने खरोखर पुन्हा कामाला लागतं. नवीन घ्यायची गरज बहुतेकांना नसते.

घरी संगणकच नसेल तरी थांबू नका. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ टाका. जाहिराती दिसतात, पण पायथन इंटरनेटशिवाय चालतं. एक ओटीजी केबल (फोनला यूएसबी कीबोर्ड जोडायची) आणि साधा कीबोर्ड जोडला की टाइप करणंही सोपं होतं.

आमच्याकडे काय मिळेल?

सोळा जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा. पायथन, थॉनी, स्क्रॅच, कोडब्लॉक्स आणि मराठी पाठ त्यावर भरून देऊ, त्याचे पैसे नाहीत. शिक्षकांनी लॅबमध्ये किती मशीन आहेत, कुठलं विंडोज आहे आणि रॅम किती आहे हे कागदावर लिहून आणलं तर काम लवकर होतं. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी पेन ड्राइव्हवर नाव चिकटवून सकाळी ठेवून जा, संध्याकाळी भरून तयार असेल.