गावाचा विकास आराखडा तपासायचाय? कोणाला हक्क आहे, कोणते कागद मागायचे

‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात ग्रामपंचायत दरवर्षी आराखडा करते. तो गावाच्या गरजेतून आलाय की मागचीच यादी वर्ष बदलून पुढे ढकललीय, हे कोणीही तपासू शकतं. गावच्या मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात आणि तिथे आराखड्यावर बोलू शकता. नाव यादीत नसेल तरी माहिती अधिकारात कागद मिळतात. त्यासाठी भारतीय नागरिक असणं पुरेसं आहे.

आधी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा लॉगिनशिवाय दिसतो. मग ग्रामपंचायतीकडे आराखडा मंजूर झालेल्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरी, त्याआधीच्या महिला सभेचं इतिवृत्त आणि कामांची अंदाजपत्रकं मागा.

खरी तपासणी हे कागद शेजारी ठेवून होते. महिला सभेत नळाच्या पाण्याची मागणी नोंदलीय आणि आराखड्यात तिचा मागमूस नाही, तर तिथेच बोट ठेवा. ‘गावांतर्गत रस्ता करणे’ एवढीच ओळ असेल तर ती अपुरी आहे. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती रुपये हे लिहिलेलं हवं, नाहीतर काम झालं की नाही हे पुढे कशावरून ठरवणार? २०२१-२२ ते २०२५-२६ चे आराखडे पाहताना १५व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, हे लक्षात ठेवा. माझ्या मते, नुसते पेव्हर ब्लॉक आणि गटारं असलेला, अंगणवाडी-शाळेचं नावही नसलेला आराखडा कच्चाच.

हरकत ग्रामसभेपूर्वी लेखी द्या, पोच घ्या आणि सभेत ती इतिवृत्तात नोंदवायला लावा.

कागद द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की शुल्क माफ. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.