काकांच्या वहीतल्या २१८ रेघा

१४ जुलै २०१९, रविवार. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात त्या संध्याकाळी दोन टीव्ही चालू होते. पुढच्या खोलीत लॉर्ड्सवरची क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत, आणि आत काकांच्या पलंगासमोर विम्बल्डनची. मधल्या दारात उभं राहिलं की दोन्हीकडचा कल्ला एकदम कानावर यायचा. रात्री उशिरा, थोड्याच वेळाच्या अंतराने, दोन्ही निकाल लागले. न्यूझीलंडने इंग्लंडइतक्याच धावा केल्या, सुपर ओव्हरमध्येही तितक्याच केल्या, आणि चौकार-षटकार कमी म्हणून कप गमावला. आत रॉजर फेडरर नोव्हाक जोकोविचपेक्षा जास्त गुण मिळवून हरला होता.

हे ‘जास्त गुण’ आम्हाला तिथल्या तिथे कळलं, कारण काकांची वही. टेनिसचा मोठा सामना असला की काका एकरेघी वही आणि शिसपेन्सिल घेऊन बसतात. पान मधोमध दुमडलेलं, डावीकडे एक खेळाडू, उजवीकडे दुसरा. प्रत्येक गुणाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. गेम संपला की खाली टिंब, सेट संपला की पानभर ओळ. त्या रात्री त्यांनी चष्मा वर करून दोनदा मोजलं. फेडररच्या २१८ रेघा, जोकोविचच्या २०४. दुसऱ्या दिवशी अधिकृत आकडे पाहिले, तेही तेच.

मग आम्ही सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो. पावसाळ्याचे दिवस, भुट्ट्याचा कीस कढईत वाफाळत होता, आणि त्या गर्दीत काका आणि माझा आतेभाऊ समीर यांचं जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही.

“मामा, कप कोणी उचलला तेवढं सांगा.”

“कप उचलला, कबूल. पण खेळला कोण चांगलं? चौदा पॉइंट जास्त आहेत रे!”

दर जुलैला ही वही कपाटातून निघते. समीर म्हणतो याला उलटफेर म्हणताच येणार नाही, कारण जोकोविच तेव्हा जगात पहिला होता आणि आदल्या वर्षीचा विजेताही तोच. कागदावर त्याचं खरं आहे. पण चार तास सत्तावन्न मिनिटं कोर्टवर जे घडलं, त्याच्या हिशेबाने हा निकाल उलटाच होता, असं काकांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांनाही उत्तर देणारी एकच गोष्ट आहे: टेनिसची गुणपद्धत. ती नुसती मोजणी करत नाही. ती निवडते, फेकून देते आणि फुगवते.

धावफलक बघा: ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२, जोकोविचच्या बाजूने. दुसरा सेट फेडररने ६-१ असा धुऊन काढला. त्याचं त्याला मिळालं काय? एक सेट. पहिला सेट जोकोविचला टायब्रेकरमध्ये (गेम बरोबरीत अडले की खेळायचा सात गुणांचा निर्णायक गेम) ७-५ असा, दोन गुणांच्या फरकाने मिळाला. त्याचंही मोल एकच सेट. गुण जमवून गेम होतो, गेम जमवून सेट, सेट जमवून सामना, आणि प्रत्येक मजल्यावर वर चढताना उरलेली चिल्लर खालीच ठेवून जावी लागते. फेडररने एकूण ३६ गेम जिंकले, जोकोविचने ३२. तेही खालीच राहिले.

मध्य प्रदेशात राहणाऱ्याला हे गणित परकं वाटू नये. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याकडे भाजपला काँग्रेसपेक्षा किंचित जास्त मतं होती, जवळपास ४१ टक्के विरुद्ध ४०.९. जागा मात्र काँग्रेसच्या ११४ आणि भाजपच्या १०९. एका मतदारसंघात पन्नास हजारांनी जिंका किंवा पाचशेंनी, आमदार एकच. मतं कुठे पडली हे किती पडली याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

टेनिसमध्ये असं वारंवार होतं का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांचे सुमारे ६१ हजार सामने तपासले होते. त्यात शंभरातल्या साधारण साडेचार सामन्यांत हरणाऱ्याचे गुण जास्त होते. गंमत पुढेच आहे. अशा सामन्यांत फेडररचे स्वतःचे विजय तोवर ४ होते आणि पराभव २४. हा आकडा ऐकून काका दुखावले होते. पण त्यात फेडररच्या खेळाची निंदा नाही. तो जिंकायचा तेव्हा बहुतेकदा ऐसपैस जिंकायचा, म्हणजे गुणही त्याचेच जास्त असायचे. हरायचा तेव्हा मात्र केसाच्या अंतराने. मग ‘थोडक्यात निसटलेले’ सामने त्याच्या पराभवांतच जास्त सापडणार.

आता फुगवण्याची गोष्ट. मला टेनिसच्या गणितात सर्वांत जास्त आवडते ती हीच. घरी करून बघता येईल असा प्रयोग सांगतो. आम्ही जीरावन मसाल्याचा रिकामा डबा घेतला, त्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या, अकरांवर ‘फ’ आणि नऊंवर ‘ज’. डबा हलवायचा, एक चिठ्ठी काढायची, गुण लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, पुन्हा हलवायचा. म्हणजे ‘फ’ला प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता शंभरात ५५. सर्व्हिस कोणाची हे इथे सोडून दिलंय, नाहीतर दोन डबे लागतील.

एका गुणावर ५५. अख्ख्या गेमवर? चार गुण आणि दोनाची आघाडी, ड्यूस (४०-४० ची बरोबरी) धरून, सगळ्या वाटा मांडून बेरीज केली की येतात ६२. सेटवर ८१. आणि पाच सेटांच्या सामन्यावर ९५. दर वीस गुणांत फक्त दोन जास्त मिळवणारा खेळाडू वीसपैकी एकोणीस सामने जिंकतो! शंभरात ५१ गुण मिळवणारासुद्धा पाच सेटांत ६३ वेळा जिंकतो. प्रेक्षकाला कोर्टवर हा फरक दिसणारही नाही. एक चेंडू रेषेच्या आत, एक बाहेर, एवढाच तो असतो.

२०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने स्वतःच हा हिशेब सांगितला. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले. आणि गुण? फक्त ५४ टक्के. इतका मोठा खेळाडू, आणि जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण हरलेला. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणूनच टेनिसमध्ये धक्कादायक निकाल दुर्मिळ असतात आणि लागले की वर्षानुवर्षं बोलले जातात. लांबलचक सामना दुबळ्याचा नशिबावरचा हक्क हळूहळू काढून घेतो. राफेल नदालला फ्रेंच स्पर्धेत २००९ मध्ये रॉबिन सोडरलिंगने हरवलं, त्याआधी नदाल तिथे सलग ३१ सामने जिंकला होता. पाच सेटांच्या पद्धतीत मातीवर नदालला हरवायचं म्हणजे एखादा चांगला गेम खेळून भागत नाही, सलग काही तास त्याच्यापेक्षा चांगलं खेळावं लागतं. तो पराभव आजही अंगावर येतो, तो यामुळे.

पण सगळे गुण सारख्या वजनाचे नसतात, आणि काकांच्या रेघांची अडचण तिथे आहे. १९७७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल मॉरिस यांनी गुणाचं महत्त्व मोजायची एक साधी रीत सांगितली: हा गुण जिंकला तर गेम जिंकण्याची शक्यता किती, हरला तर किती, आणि दोहोंतला फरक म्हणजे त्या गुणाचं वजन. सर्व्हिस करणारा शंभरातले ६५ गुण घेतो असं धरू. गेममधले गुण १५, ३०, ४० असे मोजतात. ४०-० असताना गुण जिंकला तर गेम खिशात, म्हणजे १००. हरला तरी ४०-१५ वरून गेम मिळण्याची शक्यता ९७. फरक जेमतेम तीन. आता ३०-४० घ्या. गुण हरला की गेम गेला, शक्यता शून्य. जिंकला तर ड्यूस, तिथून साडेसत्त्याहत्तर. फरक साडेसत्त्याहत्तर. म्हणजे ब्रेक पॉइंटची (जो हरला की सर्व्हिस करणाऱ्याचा गेम जातो त्या गुणाची) रेघ ४०-० च्या रेघेपेक्षा अठ्ठावीस पट जड. वहीत दोघी सारख्याच उंचीच्या.

त्या रात्रीचा तो गेम बघू. पाचवा सेट, फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५. दोन मॅच पॉइंट, म्हणजे दोनांतला एक मिळाला की सामना. वरच्याच हिशेबाने तो गेम, आणि त्यासोबत सामना, तिथेच जिंकण्याची शक्यता शंभरात ९७. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटजवळ आला आणि जोकोविचने तिरका फोरहँड बाजूने काढला. दोन्ही गुण ओळीने जाण्याची शक्यता काढली तर ३५ टक्क्यांचे ३५ टक्के, म्हणजे बारा. आठांत एकदा. चमत्कार म्हणण्याइतकं ते दुर्मिळ नाहीच. ड्यूसवरूनही फेडररचं पारडं साडेसत्त्याहत्तर इतकं जड होतं, पण गेम गेला आणि ८-८ झाले.

वहीचं ते पान मी नीट पाहिलंय. फेडररच्या बाजूला, ४०-१५ च्या पुढे, एका रेघेची पुसट खूण आहे. खोडरबरने कागदाचा तेवढा भाग खरखरीत झालाय. चेंडू हवेत असतानाच काकांनी रेघ ओढली होती.

समीरचं म्हणणं असं की अशा वेळी आकडे संपतात आणि काळीज सुरू होतं. याचीही तपासणी झालेली आहे. फ्रांक क्लासेन आणि यान माग्नुस या दोन डच अर्थमितीतज्ज्ञांनी १९९२ ते १९९५ या चार विम्बल्डन स्पर्धांमधले जवळपास ९० हजार गुण तपासले. प्रश्न असा, की प्रत्येक गुण मागच्यापासून सुटा असतो का, आमच्या डब्यातल्या चिठ्ठीसारखा? उत्तर आलं: अगदी सुटा नसतो. मागचा गुण जिंकलेल्याला पुढचा जिंकणं किंचित सोपं जातं, आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याला गुण मिळवणं किंचित अवघड होतं. पण हे परिणाम छोटे आहेत, आणि खेळाडू जितका वरच्या दर्जाचा तितके आणखी छोटे. म्हणजे समीरचं काळीज आहे, पण वाटतं त्यापेक्षा लहान अक्षरांत लिहिलेलं. डब्याच्या गणितावर विसंबायला हरकत नाही, ते यामुळेच.

आता टायब्रेकर. त्या सामन्याची खरी गोम तिथे आहे, आणि वर्तमानपत्रांनी सगळी शाई मॅच पॉइंटवर खर्च केली याचं मला अजून वाईट वाटतं. तीन टायब्रेकर झाले: ७-५, ७-४, ७-३. तिन्ही जोकोविचचे. त्यांतले गुण एकूण ३३, पैकी जोकोविचचे २१, फेडररचे १२. हे बाजूला काढले तर उरलेल्या सामन्यात फेडररचे २०६ आणि जोकोविचचे १८३. म्हणजे पाच तासांच्या सामन्यात जवळपास सगळा वेळ फेडरर वरचढ होता, आणि ज्या तेहतीस गुणांवर तीन सेट टांगलेले होते तिथे तो खाली होता.

टायब्रेकर दुबळ्याला का फळतो, हे डब्यातून दिसतं. ५५ गुणांचा मालक पूर्ण सेट ८१ वेळा जिंकतो, टायब्रेकर मात्र ६५ वेळाच. एका साध्या गेमचे ६२ होते, म्हणजे अख्खा टायब्रेकर हा न्याय करण्याच्या बाबतीत एका गेमपेक्षा थोडासाच बरा. नमुना लहान, म्हणून नशिबाला जागा मोठी. तरी तिन्ही टायब्रेकर जोकोविचच्याच बाजूला पडले याला मी निव्वळ नशीब म्हणणार नाही. दोघे अगदी तुल्यबळ धरले तर तसं आठांत एकदा होतं, आणि जोकोविच त्या तेहतीस गुणांत ज्या शिस्तीने खेळला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

काकांचा शेवटचा मुद्दा नियमाचा असतो. विम्बल्डनमध्ये तोवर निर्णायक सेटला टायब्रेकर नव्हता. २०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोलस माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला, सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. (तिथेही हरलेल्या माहूचे गुण ५०२, जिंकलेल्या इस्नरचे ४७८.) २०१८ च्या उपांत्य सामन्यात केविन अँडरसनने इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ असं हरवल्यावर २०१९ मध्ये १२-१२ ला टायब्रेकर आला, आणि पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात तो पहिल्यांदा लागला तो याच रात्री.

“जुना नियम असता तर, मामा?” समीरने यंदा स्वतःच विचारलं. आम्ही हिशेब केला. सर्व्हिस करणाऱ्याचे सरासरी ६५ गुण, आणि त्या रात्री फेडररने मिळवलेले सगळ्या गुणांचे ५१.७ टक्के एवढं धरून. १२-१२ नंतर दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळ चालला असता तर फेडररची शक्यता शंभरात साठच्या आसपास आली. सात गुणांच्या टायब्रेकरमध्ये ती पंचावन्न होती.

काकांनी दोन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, साठच्या भोवती गोल केला, आणि डब्यातल्या चिठ्ठ्या समीरपुढे सरकवल्या. “पहिली सर्व्हिस तुझी.”