हॉडेनोशॉनी मुलींच्या हाती लॅक्रॉसची काठी उशिरा का आली?

अमेरिका-कॅनडा सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हॉडेनोशॉनी या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत आता बायका मुलींना लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ, शिकवतात. त्यांतल्या काही जणी स्वतः आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या आहेत. त्यांच्या आयांच्या पिढीला हे मिळालं नव्हतं.

मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा महासंघ म्हणजे हॉडेनोशॉनी. जुन्या पुस्तकांत तो ‘इरोक्वाय’ या नावाने येतो. त्यांच्या लेखी लॅक्रॉस हा विधात्याने दिलेला खेळ; आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही तो खेळतात. हिकरीचं लाकूड वाफवून वाकवायचं, वाळू द्यायचं, तासायचं आणि मग चामड्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची. एका काठीला काही महिने लागतात. मुलगा झाला की पाळण्यात छोटी काठी ठेवायची, माणूस गेला की शवपेटीत त्याची काठी द्यायची, अशी रीत. बाईने मात्र या लाकडी काठीला हात लावायचा नाही, हा जुना दंडक.

एवढ्यावरून तिथे बाईला काही किंमत नाही असं मानलं, तर फसगत होईल. कूळ आईकडून येतं आणि सरदार नेमण्याचा, प्रसंगी काढण्याचा हक्क कुळमातांचा. १९८०च्या दशकात काही जणींनी बायकांचा संघ उभा करायचा प्रयत्न केला, तेव्हा ठाम विरोध केला तोही कुळमातांनीच. पुरुषांचा राष्ट्रीय संघ १९८३ मध्ये उभा राहिला. बायकांचं घोडं तिथेच अडलं.

तोवर बाकीच्या जगात बायका जवळजवळ शंभर वर्षं लॅक्रॉस खेळत होत्या! लुईझा लम्सडेन या शिक्षिकेने १८८४ मध्ये उत्तर अमेरिकेत मूळ रहिवासी आणि मॉन्ट्रियलच्या संघांमधला सामना पाहिला आणि तो खेळ स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत नेला. १८९० मध्ये तिथे मुलींचा पहिला सामना झाला. तिकडे कॅनडात गोऱ्या क्लबांनी खेळाचे नियम लिहून काढले आणि १८८० मध्ये मूळ रहिवाशांनाच अजिंक्यपदाच्या सामन्यांतून बाहेर काढलं.

हॉडेनोशॉनी बायकांनी वाट काढली ती अशी: लाकडी काठी पुरुषांकडे राहू द्यायची, आपण प्लास्टिकच्या डोक्याची काठी घ्यायची. १९७०पासून तशा काठ्या मिळतच होत्या. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही, पण २००९ मध्ये प्रागच्या विश्वचषकात त्यांचा महिला संघ उतरला.

पुढच्या फळीला वेगळीच अडचण आली. २०१५ मध्ये एडिनबराला १९ वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा होती. हॉडेनोशॉनींचा स्वतःचा पासपोर्ट आहे; ब्रिटनने तो मानायला नकार दिला. अमेरिकी किंवा कॅनडाचा पासपोर्ट दाखवून त्या जाऊ शकल्या असत्या. तसं न करता त्यांनी माघार घेतली. पुरुषांच्या संघानेही २०१० मध्ये हेच सोसलं होतं. या मुलींना काठी धरायला शिकवणाऱ्यांनी काय काय शिकवलं होतं, ते इथे दिसलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस घ्यायचं ठरलं. तेव्हाच क्रिकेटही घेतलं गेलं; आपल्याकडे त्या जल्लोषात लॅक्रॉसची बातमी कोपऱ्यात गेली. हॉडेनोशॉनींना स्वतःची राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती नाही, त्यामुळे आपल्या झेंड्याखाली खेळण्याची त्यांची मागणी तिथेच अडते. खेळाडूंनी अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून उतरावं, असं समितीचं म्हणणं.