गाय उलटतेय? मग वळूची प्रतिकारशक्ती बघा!

माझा मामेभाऊ मुरबाडला असतो, त्याच्याकडे चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. मी इकडे ठाण्यात, कळव्याला, म्हणजे गाईंचं माझं ज्ञान पिशवीतल्या दुधाइतकंच. परवा फोन आला, "दादा, गौरी परत उलटली, तिसऱ्यांदा." उलटली म्हणजे वळूच्या वीर्याची कांडी भरूनही (कृत्रिम रेतन करूनही) गाभण राहिली नाही, 21 दिवसांनी पुन्हा माजावर आली, आणि तेवढ्या दिवसांचा चारा-पेंड गेली कामातून. मग बोलता बोलता सहज म्हणाला की व्यायल्यावर तिची वार, म्हणजे पोटात वासराभोवती असलेलं आवरण, अडकली होती. अरे मग हे आधी सांग ना!

वार साधारण 12 तासांत पडते, 24 तास होऊन गेले तर अडकली म्हणतात. मला आधी वाटायचं ती आपल्या वजनानेच सुटत असेल. पण तिला गर्भाशयापासून सोडवायला गाईच्या पांढऱ्या पेशीही लागतात, विशेषतः न्यूट्रोफिल, आणि नेमक्या याच दिवसांत त्या सुस्तावलेल्या असतात. व्यायच्या आधी तीन आठवडे, नंतर तीन आठवडे, दूध एकदम वाढतं, खाणं तेवढं वाढत नाही, अंगातली चरबी जळते, प्रतिकारशक्ती खाली. व्यायल्यावर गर्भाशयात जंतू तर जवळपास प्रत्येक गाईच्या जातात, तगडी गाय ते काही आठवड्यांत साफ करते, दुसरीला तिथे सूज आणि पू, मग पुढे उलटणं आलंच. कासदाह (कासेची सूज) झाला तरी तसंच, ताप आणि जंतूंच्या विषाने बीज सुटायला उशीर होतो.

यात वळू कुठून आला? कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांनी गाईबैलांची प्रतिकारशक्ती मोजायची पद्धत बसवली. परकं प्रथिन टोचायचं, दोनेक आठवडे थांबायचं, मग रक्तात अँटिबॉडी किती झाल्या ते बघायचं, आणि कातडीत पुन्हा टोचून ती किती फुगते ते मोजायचं, त्यावरून पेशींची ताकद कळते. आपली टीबीची मॉन्टू टेस्ट असते ना, त्यातलाच प्रकार. सेमेक्स कंपनी प्रतिकारशक्ती चांगली निघालेल्या वळूंच्या कांड्या विकतेसुद्धा, म्हणजे ती त्यांच्या पोरींत उतरावी.

गंमत आकड्यात आहे. गाभण राहण्याच्या क्षमतेतला आनुवंशिक वाटा जेमतेम 5 टक्के किंवा त्याहून कमी, बाकी चारा, गोठा, माज ओळखणारा माणूस. प्रतिकारशक्तीत मात्र तो वाटा 25 ते 35 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे गाभण राहणं थेट सुधारायला गेलात तर पिढ्या जातात, पण आजार कमी करून मागच्या दाराने तिथे जाता येतं, निदान आशा तरी तशी आहे.

पण प्रतिकारशक्ती नुसती जास्त असून भागत नाही हं. वासरू अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. साधारण सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून आईला कळवतो की मी आहे, तेव्हा शरीराने जरा नमतंही घ्यावं लागतं. बाकी वळू निवडताना अँटिबॉडीवाली आणि पेशींवाली, दोन्ही बाजू बघतात, कारण काही जंतू पेशींच्या बाहेर असतात, काही आत.

गौरीला यातलं काहीच मिळणार नाही, तिचा बाप तर ठरून गेलाय, मिळालं तर तिच्या कालवडीला, तीही व्यायला अडीच-तीन वर्षं लागणार. तरी भावाने कांडी भरायला येणाऱ्याला विचारलं, "या वळूच्या पोरींची वार वेळेवर पडते का?" तो म्हणाला, "आईचं दूध किती ते लिहिलंय बघा."