गालाच्या आत मांडीची त्वचा: पातळ फ्लॅप कसा बनतो

तंबाखूची गोळी जिथे धरली जाते, खालची हिरडी आणि गाल यांच्या मधल्या त्या खाचेत, आपल्याकडचे तोंडाचे कितीतरी कर्करोग सुरू होतात. गाठ काढताना सर्जन तिच्याभोवतीचा साधारण १ सेंटीमीटर निरोगी भागही काढतो. गाठ २-३ सेंटीमीटरची असली तरी गालाच्या अस्तराला ५ सेंटीमीटरचं भगदाड सहज पडतं. ते नुसतं ओढून शिवलं तर जबडा आवळला जातो. गुटख्यामुळे ज्यांचं तोंड आधीच दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या बाबतीत तर हा मार्ग बंदच. त्वचेचं पातळ कलम लावलं तर ते पुढे आकसतं, शिवाय उघड्या हाडावर धरत नाही, कारण कलमाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. इथे फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे आपल्या धमनी-शिरेसकट उचललेला ऊतींचा तुकडा.

छातीच्या स्नायूचा फ्लॅप १९७९ पासून वापरात आहे आणि गर्दीच्या रुग्णालयांत आजही खूप उपयोगी पडतो. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि वेळ कमी लागतो. पण तो जाड आहे. गालात बसवला की दातांमध्ये येतो, चावला जातो, वजनाने खाली ओढतो. तोंडात जागा मिलिमीटरमध्ये मोजायची असते, म्हणून पातळपणाला एवढी किंमत.

मनगटाजवळची त्वचा मुळातच पातळ. १९८१ मध्ये चीनमधल्या सर्जननी तिचा फ्लॅप जगासमोर मांडला. रक्तवाहिनी लांब, जाड, शोधायला सोपी. पण त्यासाठी हाताच्या दोन मुख्य धमन्यांपैकी एक कायमची द्यावी लागते. म्हणून आधी ॲलनची चाचणी करतात: रुग्णाने मूठ आवळायची, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, मूठ उघडल्यावर फक्त करंगळीच्या बाजूची सोडायची. पंजा काही सेकंदांत लालसर झाला नाही तर तो हात वापरायचा नाही. धमनी पुरेशी असली तरी मनगटावर उघडे पडलेले स्नायुबंध कलमाने झाकावे लागतात. कधी ते कलम धरत नाही आणि जखम अनेक आठवडे चिघळते. हातानेच पोट भरणाऱ्या माणसासाठी ही किंमत मोठी आहे.

मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाचा फ्लॅप १९८४ मध्ये चीनमधूनच आला. त्याची जखम कपड्याखाली झाकली जाते. रुंदी ८ सेंटीमीटरच्या आत ठेवली तर बहुतेकांची मांडी टाके घालून सरळ बंद होते. अडचण एकच, चरबीची. सडपातळ पुरुषात फ्लॅप आयताच पातळ मिळतो, पण स्थूल व्यक्तीत आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये चरबी दोन-अडीच सेंटीमीटरही भरते. ती उतरवायची कशी, याचं उत्तर रक्ताच्या वाटेत आहे.

त्वचेखालची चरबी एकसारखी नसते. वरच्या थरात लहान, घट्ट दाणे असतात, खालच्या थरात मोठे, सैल गोळे, आणि मधे एक पांढुरका पातळ पडदा. स्नायूतून वर येणारी बारीक वाहिनी, जिला सर्जन परफोरेटर म्हणतात, खालचा थर भेदून जाते आणि त्वचेच्या लगत जाळं पसरते. रक्त खोल चरबीतून नुसतं पार होतं, आडवं पसरतं ते वरच्या जाळ्यात. त्यामुळे परफोरेटरपासून दूरची खोल चरबी गेली तरी त्वचा जगते. १९८९ मध्ये जपानमधल्या कोशिमा आणि सोएदा यांनी पोटाचा स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा आणि चरबी एका परफोरेटरवर जगवून दाखवली. पातळ फ्लॅपची वाट तिथून मोकळी झाली.

आखणी अशी होते. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि गुडघ्याच्या वाटीचा बाहेरचा वरचा कोपरा यांना जोडणारी रेघ काढायची, तिचा मध्य घ्यायचा आणि त्याभोवती ३ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ. मुख्य परफोरेटर बहुधा या वर्तुळाच्या खालच्या-बाहेरच्या चतुर्थांशात सापडतो. हातातल्या डॉप्लरने, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, तो ऐकून खूण करतात. छेद आतल्या बाजूने घेतात आणि परफोरेटर डोळ्यांना दिसेपर्यंत दुसरी बाजू कापत नाहीत. तो भलतीकडे निघाला तर आखणी सरकवता आली पाहिजे. बहुतेकांत तो बाहेरच्या स्नायूतून येतो, म्हणून स्नायूचे धागे बाजूला करत, बारीक फांद्या क्लिप लावून बंद करत खाली उतरावं लागतं. या वाहिनीसोबतच स्नायूला चालवणारी नस (मज्जातंतू) धावते. ती तुटली तर गुडघा सरळ करण्याची ताकद कमी होते.

पातळ करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सुरुवातीपासूनच त्या पांढुरक्या पडद्याच्या पातळीवर फ्लॅप उचलायचा. दोन, पूर्ण जाडीचा उचलून मग खालची चरबी कात्रीने उतरवायची. दुसऱ्या मार्गात हे काम मांडीची वाहिनी तोडण्याआधी करावं. रक्त वाहत असताना कडेला लाल थेंब येतो का ते दिसतं, आणि चूक झाली तर तिथेच कळते. परफोरेटरभोवती सुमारे २ सेंटीमीटरची चरबी हातच लावत नाहीत. हाव इथेच नडते. जाळ्यापर्यंत चरबी खरवडली की चार-पाच दिवसांत कडा काळी पडते. धूम्रपान करणाऱ्यात किंवा खूप मोठ्या फ्लॅपमध्ये थोडी जाडी राहू द्यावी, ३ ते ६ महिन्यांनी चरबी काढता येते. जिभेचा मोठा भाग गेला असेल तर पातळ फ्लॅप चुकीचाच. गिळताना टाळूला टेकायला तिथे भरीव गोळा लागतो.

मग मानेतल्या वाहिन्यांशी जोडणी. साधारण २ मिलिमीटरची धमनी केसाहून बारीक नायलॉनने, ८ ते १० टाक्यांत शिवतात. पिळा पडू नये म्हणून वाहिनीवर आधीच शाईची रेघ मारून ठेवणं फार उपयोगी. परफोरेटर अर्ध्या पिळ्यानेही बंद पडू शकतो, आणि आधी मार खाते ती शीर, कारण तिच्यातला दाब कमी.

पहिले ४८ ते ७२ तास धोक्याचे. पहिला दिवस दर तासाला पाहणी. फ्लॅप निळसर, फुगलेला, टोचल्यावर लगेच गडद रक्त: शीर बंद. पांढरा, गार, टोचलं तरी कोरडा: धमनी बंद. दोन्हींत वाट न पाहता पुन्हा ऑपरेशन थिएटर. वेळीच उघडलं तर बरेच फ्लॅप वाचतात. कारण कधी अगदी साधं निघतं: मानेत साचलेलं रक्त, एका बाजूला वळलेली मान, किंवा श्वासनळीच्या ट्यूबची फीत घट्ट बांधल्याने दबलेली शीर. म्हणून काही ठिकाणी ती फीत गळ्याभोवती बांधतच नाहीत, ट्यूब त्वचेला टाके घालून धरतात.

साधारण आठ-दहा दिवस नाकातल्या नळीने अन्न, मग मऊ भात, आणि जखम भरली की तोंड उघडण्याचे व्यायाम. किरणोपचार लागणार असतील तर ते सहसा सहा आठवड्यांच्या आत सुरू होतात आणि त्यात फ्लॅप आणखी आकसतो, त्यामुळे सुरुवातीला तो थोडा मोठाच कापलेला असतो. गालाच्या आत मांडीचे केसही उगवतात. रुग्ण त्याने घाबरतो, हे आधीच सांगावं. किरणोपचारानंतर ते बहुधा विरळ होतात.